डोळ्यांत परस्पर घातलेले थेंब : लाली गेली म्हणजे आजार गेला का?

इंद्रायणीकाठ :

हा धागा मी माझ्या वडिलांना विचारून लिहीत आहे. त्यांचे वय ७१ आहे. त्यांनी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले आणि औषधांच्या वेळा पाळण्यात आमच्या घरात त्यांच्याइतके काटेकोर कोणी नाही. तरीही त्यांच्या दोन्ही डोळ्यांची कडेची दृष्टी आज बरीच गेली आहे, उजव्या डोळ्याची अधिक, आणि गेलेली दृष्टी परत मिळणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्टपणे सांगितले आहे.

२०२३ च्या जुलैत आळंदी परिसरातल्या शाळकरी मुलांमध्ये डोळे येण्याची साथ पसरल्याच्या बातम्या आल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत ती महाराष्ट्रात सगळीकडे पोहोचली, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या घरात आधी माझ्या मुलाचे आणि मग वडिलांचे डोळे आले. जवळच्या औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणली, दोन दिवसांत लाली ओसरली, आणि उरलेली बाटली फ्रिजच्या दारात राहिली. त्यानंतर डोळ्यात धूळ गेली, जागरण झाले किंवा दुचाकीवरून येताना डोळे चुरचुरले, की वडील तेच थेंब घालत असत. बाटली संपली की रिकामी बाटली दाखवून नवी आणत. असे साधारण दीड वर्ष चालले. या दीड वर्षात त्यांचा डोळा एकदाही दुखला नाही, ही गोष्ट मला मुद्दाम नोंदवायची आहे.

पहिली शंका आईला आली. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा वारंवार आपटू लागला, जिन्याची शेवटची पायरी चुकू लागली, आणि एकदा रस्ता ओलांडताना बाजूने आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. उजव्या डोळ्याचा दाब ३८ आणि डाव्याचा ३१ निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "डोळ्यांत कोणते थेंब घालता?" वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. तिच्यात प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारे औषध, होते.

लाली जात होती म्हणून ते औषध आम्हाला चांगले वाटत होते, आणि ज्या घटकामुळे लाली जात होती त्याच घटकामुळे आतल्या नसेचे नुकसान होत होते. हे समजल्यापासून माझे मन स्वस्थ नाही. आपापल्या घरी डोळ्याचे काही दुखणे आले तर आपण प्रथम काय करता आणि तसे करायला आपल्याला कोणी सांगितले, हे येथे मोकळेपणाने लिहावे अशी विनंती आहे.

दृष्टिपटल :

मी विदर्भात नेत्रचिकित्सक म्हणून काम करतो. आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. त्यांच्या डोळ्यात नेमके काय घडले ते समजावून सांगतो, कारण आतली रचना समजली की ही बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये हे पुन्हा सांगावे लागत नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या अतिशय बारीक जाळीतून तो वाहून जात असतो. तयार होणे आणि वाहून जाणे यांचा मेळ असला की डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा इतका राहतो. स्टेरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर काही माणसांत ही जाळी तुंबल्यासारखी होते, द्रवाचा निचरा मंदावतो, दाब वाढतो आणि तो दृष्टीच्या नसेवर पडतो. नसेचे तंतू कडेकडून मरत जातात. मधली दृष्टी शेवटपर्यंत चांगली राहते, त्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचू शकतो आणि आपले डोळे ठणठणीत आहेत असे समजतो. हाच काचबिंदू होय. दाब हळूहळू वाढतो, म्हणून दुखत नाही.

सर्वांचा दाब वाढतो असे नाही. साधारण एकतृतीयांश लोकांत तो मध्यम प्रमाणात वाढतो आणि शंभरांतल्या पाच-सहा जणांत फार वाढतो. हे पाच-सहा जण कोण, ते चेहरा पाहून सांगता येत नाही, फक्त दाब मोजल्यावर कळते. ज्यांच्या घरात आधीच कोणाला काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचा उणे नंबर मोठा आहे, त्यांना धोका अधिक असतो. याच थेंबांनी पुढे मोतीबिंदूही होतो, तोही तरुण वयात.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे वाचून कोणी घाबरून आपले थेंब एकदम बंद करू नयेत. डोळ्याच्या आतल्या सुजेसाठी किंवा शस्त्रक्रियेनंतर आम्ही स्वतः स्टेरॉइड देतो, आणि तेथे ते दृष्टी वाचवते. काही आजारांत ते टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि दाब मोजून घ्यावा. दाब मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

सव्वीस वर्षे काउंटरवर :

माझे सांगली जिल्ह्यात औषधाचे दुकान आहे. धागा वाचल्यावर लिहावे की लिहू नये याचा दोन दिवस विचार केला.

लोक येतात आणि म्हणतात, "लाल डोळ्याचे थेंब द्या." आजाराचे नाव कोणी सांगत नाही, कारण ते त्यांना ठाऊक नसते, आणि खरे तर मलाही ठाऊक नसते. कायद्याने स्टेरॉइड असलेले थेंब हे परिशिष्ट एच मधले औषध आहे, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. खोक्यावर तसा इशारा छापलेला असतो. पण खोके आम्ही उघडतो, बाटली हातात देतो, आणि खोके आमच्याच कचऱ्याच्या डब्यात जाते. ग्राहकाला तो इशारा दिसतच नाही.

दुसरी गोष्ट येथे मुद्दाम सांगतो, कारण ती दुकानाबाहेर फारशी कोणाला माहीत नसते. एकाच कंपनीचे एकाच नावाचे थेंब दोन प्रकारचे मिळतात. एकात फक्त प्रतिजैविक असते. दुसऱ्याच्या नावापुढे डी, डीएक्स, एलपी अशी एक-दोन अक्षरे जोडलेली असतात, आणि त्या अक्षरांचा अर्थ बहुतेक वेळा स्टेरॉइड असा असतो. गिऱ्हाईक फोनवर शेजाऱ्याच्या बाटलीचा फोटो दाखवते, फोटोत नाव दिसते आणि शेवटची अक्षरे बोटाखाली झाकलेली असतात. दुकानातल्या मुलाने कोणती बाटली काढून दिली यावर त्या डोळ्याचे पुढचे ठरते.

अक्षरे जोडलेली बाटली घेऊन गेलेला माणूस तिसऱ्या दिवशी समाधानाने परत येतो, आणि नुसत्या प्रतिजैविकाची बाटली नेलेला माणूस "फरक नाही" म्हणून तक्रार करतो. त्यामुळे दुकानदाराचा कल हळूहळू कोणत्या बाटलीकडे जातो, हे मी वेगळे सांगायला नको. मी स्वतः अशा बाटल्या दिलेल्या आहेत. किती दिल्या हे मोजलेले नाही, आणि त्यांपैकी कोणाचा दाब वाढला असेल हे मला कधीही कळणार नाही. गेल्या काही वर्षांपासून चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात जाते, तरीही देत नाही.

उसाचा पट्टा :

आमच्याकडे डोळ्याच्या दुखण्याचे मुख्य कारण साथ नसते, उसाचे पान असते. ज्यांनी ऊस पाहिला आहे त्यांना माहीत आहे की पानाच्या कडेला बारीक करवत असते. पाला काढताना किंवा तोडणीच्या वेळी ते पान सपकन डोळ्यावरून जाते. त्या क्षणी डोळा मिटतो, पाणी येते, आणि माणूस टॉवेलच्या टोकाने डोळा पुसून पुन्हा कोयता उचलतो.

माझ्या चुलतभावाला असेच लागले होते. पहिल्या दिवशी आजीने मध घातला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाळंतिणीचे दूध आणून घातले. आमच्या आजीने हे सगळे जिवापाड प्रेमाने केले, कारण तिच्या आईने तिच्या डोळ्यात हेच घातले होते. तिसऱ्या दिवशी दुकानातून थेंब आणले, आणि त्याचा डोळा पाहता पाहता निवळला. ठणका कमी झाला, लाली गेली, तो कामावर गेला. आठव्या दिवशी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसू लागला. गावात सगळे म्हणाले, "फूल पडले." जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्यावर तेथील डॉक्टरांनी खरवडून तपासले आणि बुरशी असल्याचे सांगितले. स्टेरॉइडने डोळ्याची प्रतिकाराची ताकद दाबून टाकली होती आणि बुरशीला रान मोकळे मिळाले होते. पुढे तीन महिने दर तासाला थेंब घालावे लागले. डोळा राहिला, दृष्टी बोटे मोजण्यापुरती राहिली. आता त्याचे नाव नेत्ररोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे.

मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा प्रतिसाद पुरा होणार नाही. तोडणी करणारे बहुतेक लोक मराठवाड्यातून येतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि जोडप्याला एक कोयता समजून हिशेब होतो. एकाने काम सोडले तर दोघांची मजुरी बुडते. असा माणूस डोळ्याला पान लागले म्हणून तालुक्याला जाऊन रांगेत बसेल, ही अपेक्षा कोणी करावी? दुकान वाटेवर असते. दुकानदार त्याला नाव, गाव, पत्ता काही विचारत नाही.

दृष्टिपटल :

उसाचा पट्टा यांनी लिहिलेले मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) आणि तुरीच्या काड्यांमुळे पाहतो. वनस्पतीने झालेली जखम आणि त्यावर स्टेरॉइड, ही माझ्या दृष्टीने डोळ्यासाठी सर्वांत वाईट जोडी आहे. बुरशीवर नॅटामायसिन नावाचे वेगळे औषध लागते, साधे प्रतिजैविक तेथे उपयोगी पडत नाही.

अंतराच्या आणि मजुरीच्या प्रश्नाबद्दल मात्र मला एक आशेची गोष्ट सांगायची आहे. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात १९९० च्या दशकात एक प्रयोग झाला. गावातल्याच स्वयंसेवकांना डोळ्यावरचा ओरखडा ओळखायला शिकवले आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस लावायला दिले. ज्यांना जखमेनंतर १८ तासांच्या आत मलम मिळाले त्यांच्यापैकी एकालाही पुढे बुबुळाचा व्रण झाला नाही. म्हणजे गावात पहिला उपचार होऊ शकतो. तो शिकवलेल्या माणसाने केलेला असावा, वेळेत असावा, आणि त्यात स्टेरॉइड नसावे. आपल्याकडे आशा सेविका गावोगाव आहेत. त्यांना हे शिकवणे अवघड आहे असे मला वाटत नाही.

शालाक्य :

मी वैद्य आहे आणि शालाक्यतंत्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. नेत्ररोग हा आमच्या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि म्हणूनच घरगुती उपायांना आयुर्वेद म्हटले जाते तेव्हा मला राहवत नाही.

रुग्ण माझ्याकडे येतात आणि आतापर्यंत काय काय घातले ते सांगतात : कांद्याचा रस, लिंबाचा रस, गोमूत्र, एरंडेल, तुरटीचे पाणी, बाजारचा मध, बाटलीतले गुलाबपाणी. यांपैकी अनेक गोष्टी त्यांना एखाद्या चित्रफितीत दिसलेल्या असतात. आमच्याकडे तर्पण (औषधी तूप डोळ्यावर काही वेळ धरून ठेवणे) आहे, आश्च्योतन (औषधाचे थेंब घालणे) आहे, अंजन आहे, परंतु कोणत्या अवस्थेत करायचे आणि कोणत्या अवस्थेत करायचे नाही हे आधी शिकवले जाते. डोळा लाल असताना, ठणकत असताना किंवा बुबुळावर जखम असताना घरातले तूप डोळ्यात ओतणे हे तर्पण नव्हे. डोळ्यात घालायची वस्तू निर्जंतुक असावी लागते. स्वयंपाकघरातली कोणतीही वाटी निर्जंतुक नसते, आणि गाळलेला काढाही नसतो.

काजळाबद्दलही लिहितो. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ वेगळे आणि बाजारात मिळणारा सुरमा वेगळा. सुरम्यात शिशाचे संयुग असू शकते आणि लहान बाळाच्या शरीरात गेलेले शिसे मेंदूच्या वाढीला बाधक ठरते. घरचे काजळ असले तरी ते बोटाने बाळाच्या डोळ्यात घालण्याची गरज नाही. दृष्ट लागू नये म्हणून तीट गालावर लावली तरी आजीच्या मनाचे समाधान होते.

रांजणवाडीला मात्र मी घरीच शेक द्यायला सांगतो. स्वच्छ फडके कोमट पाण्यात बुडवून, पिळून, दिवसातून चार वेळा दहा मिनिटे धरावे. फोडू नये, लवंग उगाळून लावू नये. आठ-दहा दिवसांत बसली नाही तर दाखवावे.

भोसरी शॉपफ्लोअर :

कारखान्यांतली परिस्थिती येथे कोणी लिहिलेली नाही म्हणून लिहितो. मी वीस वर्षे फॅब्रिकेशनमध्ये आहे. ग्राइंडिंग करताना डोळ्यात कण जाणे ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. प्रत्येक खात्यात एक जण असा असतो की तो कण "छान काढतो". काडेपेटीच्या काडीने, कागदाच्या घडीने, कधी सुईच्या टोकाने. मीही त्याच्यापुढे अनेकदा डोळा धरलेला आहे. लोखंडाचा कण बुबुळात रुतला की काही तासांत त्याच्याभोवती गंजाचे कडे तयार होते. कण निघाला तरी कडे राहते आणि ते डॉक्टरांनाच काढावे लागते, हे मला फार उशिरा समजले. हातोडा-छिन्नीच्या कामात उडालेला तुकडा तर थेट डोळ्याच्या आत शिरू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

वेल्डिंगचा प्रकाश डोळ्यांना लागला तर त्या वेळी काही वाटत नाही, रात्री बारा-एकला डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. बटाट्याच्या चकत्या ठेवतात, दूध घालतात. काही जण डोळा बधिर करणारे थेंब खिशात बाळगतात. एक थेंब टाकला की अर्ध्या मिनिटात वेदना नाहीशी होते, माणूस झोपतो, सकाळी पुन्हा टाकतो आणि कामाला लागतो. आमच्या एका सहकाऱ्याने ते थेंब दोन आठवडे वापरले. बुबुळावरची जखम भरलीच नाही, उलट वाढत गेली. डॉक्टरांनी त्याला सांगितले की ते थेंब फक्त तपासणीच्या वेळी घालायचे असतात आणि ते वारंवार घातले तर बुबुळाचा वरचा थर भरून येत नाही. तो आता वेल्डिंग करत नाही.

ही बाटली त्याला कोणी दिली, हे त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही.

शाळेची घंटा :

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शाळेतल्या सात वर्षांच्या एका मुलाने वडिलांची चुन्याची पुडी हातात घेऊन दाबली आणि ती फुटून चुना त्याच्या डोळ्यात गेला. घरातल्यांनी घाबरून आधी खोबरेल तेल घातले, मग दूध घातले, आणि मग गाडीची शोधाशोध केली. जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोन तास गेले होते. तेथील डॉक्टर म्हणाले, की त्याच वेळी नळाखाली डोळा धरला असता तर बराच वाचला असता. तंबाखू खाणाऱ्यांच्या प्रत्येक घरात ही पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी पडलेली असते. तेव्हापासून मी दर पालकसभेत हे सांगते.

दृष्टिपटल :

आपण हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. चुना, अॅसिड, फरशी पुसण्याचे द्रावण, काहीही डोळ्यात गेले तर लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान अर्धा तास डोळा धुवावा. पापण्या बोटांनी उघडून धराव्यात, चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ फडक्याने अलगद काढावेत आणि धुतच राहावे. चुना अल्कली आहे म्हणून त्यावर लिंबू पिळण्याचा विचारही करू नये. डोळ्याच्या सगळ्या आजारांत हा एकच प्रसंग असा आहे, की घरच्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत केलेले काम माझ्या पुढच्या पाच महिन्यांच्या कामापेक्षा मोलाचे असते. धुऊन झाल्यावर मात्र रुग्णालय गाठायलाच हवे.

माणदेशी :

मला येथे थोडा वेगळा विचार मांडायचा आहे आणि तो रागाने घेऊ नये.

प्रत्येक जण "डॉक्टरांकडे जा" असे लिहीत आहे. आमच्या गावापासून नेत्रतज्ज्ञ ५५ किलोमीटरवर आहेत. एसटी सकाळी एक आहे. जाणे-येणे, तपासणी, थेंब आणि एक दिवसाची मजुरी धरली तर डोळे येण्यासारख्या साध्या दुखण्याला आठवड्याची कमाई जाते, आणि तेथे गेल्यावर डॉक्टर म्हणतात, "हे आपोआप बरे होईल." मग माणूस पुढच्या वेळी जात नाही. त्याला निष्काळजी म्हणू नये. त्याने हिशेब केलेला असतो. आपल्याला परवडेल असा नियम सांगितला तर तो माणूस पाळेल. कोणत्या लाल डोळ्यासाठी मी एसटी पकडायची आणि कोणत्यासाठी घरी थांबायचे, हे मला कोणी सांगेल का?

इंद्रायणीकाठ :

माणदेशी यांचा प्रश्न मला माझ्या मूळ लेखापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. आमच्या घरापासून नेत्रतज्ज्ञ दहा मिनिटांवर होते आणि तरीही आम्ही गेलो नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या अंतराबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टरसाहेबांनी कृपया उत्तर द्यावे.

दृष्टिपटल :

माणदेशी, आपला हिशेब मी चूक म्हणणार नाही. हा प्रश्न रुग्णाने विचारण्याआधी आम्हीच उत्तर देऊन ठेवायला हवे होते.

घरी थांबता येईल असा डोळा असा असतो : घरात किंवा शेजारी कोणाचे डोळे आलेले आहेत, डोळा लाल आहे, पाणी किंवा चिपडे येत आहेत, किंचित खुपते आहे, पण चिपडे पुसल्यावर आधीसारखेच स्वच्छ दिसते आणि उजेडाचा त्रास होत नाही. ही साथ बहुतेक वेळा विषाणूची असते आणि एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरी होते. ती नजरेने पसरत नाही, हाताने, टॉवेलने आणि उशीने पसरते. उकळून थंड केलेल्या पाण्याने पापण्या पुसाव्यात, हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा. थेंब घातलेच नाहीत तरी चालते.

एसटी पकडायची ती अशा वेळी : दिसणे कमी झाले आहे, डोळा ठणकतो आहे, उजेड सहन होत नाही, काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो आहे, डोळ्याला पान, काडी, लोखंड किंवा रसायन लागले आहे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असताना डोळा लाल झाला आहे, किंवा नवजात बाळाचे डोळे चिकटत आहेत. एकाच बाजूचे डोके आणि डोळा जोराने दुखून उलट्या होत असतील आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर ते पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी झोपून राहू नये, कारण काचबिंदूचा एक प्रकार असाच अचानक येतो आणि त्यात काही तासांनाही किंमत असते. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखे वाटले तर दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, सुटत असण्याची शक्यता असते. त्यावर कोणतेही थेंब उपयोगाचे नाहीत.

आणखी एक. अनेक ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. ते शस्त्रक्रिया करत नाहीत, पण डोळा तपासतात, नंबर काढतात आणि पुढे कोणाला पाठवायचे ते सांगतात. आपल्या तालुक्यात ते कोणत्या वारी बसतात, एवढे एकदा विचारून ठेवावे. ५५ किलोमीटर जाण्याआधी तेथे जाता येते.

माणदेशी :

आभारी आहे. हे उत्तर मी ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून लावणार आहे.

पितळी घागर :

विषयाला धरूनच एक लहान भर घालते. मोतीबिंदू "बिनाऑपरेशन" थेंबांनी विरघळवण्याच्या जाहिराती मला रोज फोनवर येतात आणि आमच्या सोसायटीतल्या दोन ज्येष्ठांनी असे थेंब मागवलेही आहेत. औषधे आणि जादूटोणा उपाय आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या परिशिष्टात मोतीबिंदू, काचबिंदू व अंधत्व ही नावे आहेत, म्हणजे हे आजार बरे करण्याच्या जाहिराती करण्यासच बंदी आहे. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. वाट पाहण्यात वर्षे जातात आणि भिंग कडक होत जाते.

चाळिशीचा चष्मा घालवणाऱ्या थेंबांबद्दलही २०२४ मध्ये असाच गाजावाजा झाला होता. त्या थेंबांना चिठ्ठीवर देण्याचे औषध म्हणून परवानगी मिळाली होती, पण प्रसिद्धी अशी झाली की जणू कोणीही घ्यावेत. शेवटी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये औषध नियंत्रकांनी ती परवानगी स्थगित केली. घरात कोणी आजही ते शोधत असेल तर हे सांगावे.

न्यू जर्सी :

येथे अमेरिकेत डोळ्याचे कृत्रिम अश्रू, म्हणजे कोरड्या डोळ्यांत घालायचे थेंब, किराणा दुकानातही मिळतात, त्यामुळे ते निरुपद्रवी आहेत असेच आम्ही समजत होतो. २०२३ मध्ये भारतात तयार झालेल्या अशाच एका कृत्रिम अश्रूंच्या बाटल्या दूषित निघाल्या आणि त्या परत मागवाव्या लागल्या. त्यांच्याशी जोडल्या गेलेल्या एका जिवाणूच्या संसर्गाचे ८१ रुग्ण नोंदले गेले, चौदा जणांची दृष्टी गेली आणि चार जण दगावले. कारखान्यात बंद केलेल्या बाटलीत असे होऊ शकते, तर सहा महिने उघडी राहिलेली, तीन माणसांच्या पापण्यांना टेकलेली आपल्या घरातली बाटली किती सुरक्षित असेल? दर वर्षी पुण्याहून येताना आई माझ्या सामानात "असू द्यावी" म्हणून एक बाटली घालते. या वेळी मी तिला हा धागा वाचायला पाठवला.

इंद्रायणीकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. काही सदस्यांनी वडिलांबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते.

स्टेरॉइड थांबवल्यावर दाब उतरला, पण पुरेसा उतरला नाही, म्हणून त्यांना आता दाब कमी ठेवण्याचे दोन प्रकारचे थेंब आयुष्यभर घ्यावे लागतील. आई प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते आणि महिना झाला की उरलेले औषध टाकून देते. वडील जिना उतरताना कठड्याला हात लावतात. वाचन चालू आहे.

दुकानात त्यांना स्वतः जायचे होते. मी सोबत गेले. त्यांनी जुनी बाटली काउंटरवर ठेवली आणि शांतपणे सांगितले, "ही मला चिठ्ठीशिवाय देत होता. मीही मागत होतो. आता दुसऱ्या कोणाला देऊ नका." दुकानदार बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वडिलांना खुर्ची दिली आणि दाब किती निघाला ते विचारून घेतले.

सव्वीस वर्षे काउंटरवर यांनी नावापुढच्या अक्षरांबद्दल लिहिले होते, ते वाचून मी नात्यातल्या सगळ्या घरांत फोन केले आणि फ्रिजमधल्या बाटल्यांची नावे वाचून घेतली. पाच घरांपैकी तीन घरांत तशी बाटली निघाली. त्यांतली एक माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याची आहे. त्याचे डोळे दर उन्हाळ्यात खाजतात, तो ते सतत चोळतो, आणि गेले दोन उन्हाळे त्याला हे थेंब घातले जात आहेत. मी बहिणीला थेंब एकदम बंद करू नकोस आणि बाटली बरोबर घे असे सांगितले आहे. सोमवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. दाब किती निघतो ते येथे कळवीन.

दृष्टिपटल :

जरूर कळवा. लहान मुलांमध्ये अॅलर्जीने डोळे खाजण्याच्या या आजारातच स्टेरॉइडचे थेंब सर्वांत जास्त काळ घातले जातात. दाबाबरोबर दृष्टीच्या नसेची आणि भिंगाची तपासणी करायला सांगा, आणि चोळण्यामुळे बुबुळाचा आकार बदललेला नाही ना, हेही पाहायला सांगा. तोवर डोळे खाजले तर थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि चोळू देऊ नये.